तीननं भागलेला पाव मैल

“जगात माणसं दोनच प्रकारची असतात,” व्हर्जिल आमस्टट्झने टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं, “ओतीव आणि घडीव!”

मूठ जोरात बसली, त्यामुळे माझ्या बशीतल्या मक्याच्या तळलेल्या वड्यांवरचा पाक माझ्या बाहीवर आला. व्हर्जिलचं तिकडे लक्ष नव्हतं. ओतीव पिस्टन म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून केलेला, आयुष्यात कधी मार न खाल्लेला. पहिल्या संकटाला तडकणारा. घडीव पिस्टन म्हणजे हजारो टनांच्या दाबाखाली चेचून निघालेला. माणसाचंही तसंच असतं, असं त्याचं म्हणणं होतं. तो स्वतः कुठल्या प्रकारात मोडतो हे त्याने सांगितलं नाही. पण छाती पुढे काढली.

“आज आलास कशातून?” डेल्बर्टने विचारलं. डेल्बर्ट आमच्या सकाळच्या टेबलावरचा तज्ज्ञ. विषय कोणताही चालतो.

“लव्हॉनच्या गाडीतून.”

“तिच्यात पिस्टन कुठले?”

व्हर्जिलने कॉफीचा कप उचलला, त्यात पाहिलं, खाली ठेवला. “ओतीव,” तो म्हणाला. “पण ती तिची गाडी आहे.”

बायकोची ती गाडी अकरा वर्षांत एकदाही रुसलेली नव्हती. व्हर्जिलची स्वतःची गाडी एकोणिसशे एकोणसत्तरची प्लिमथ, बिग-ब्लॉक इंजिनाची, चारशे चाळीस घन इंचांची. ती एक्याण्णव सालापासून ताडपत्रीखाली होती. त्याचा थोरला भाऊ लेलंड याने ती नवी कोरी घेतली, दोन उन्हाळे पळवली आणि पोर झाल्यावर धाकट्याला दिली. लेलंड आता नाही. पण गाडीवरचा नंबर आणि इंजिनाच्या ब्लॉकवरचा, म्हणजे ओतीव सांगाड्यावरचा, नंबर अजून जुळतो, आणि आमच्या ओहायोच्या या भागात एवढ्या गोष्टीवर माणूस तासभर बोलू शकतो. ब्लॉक बदलला की गाडी राहते, पण मग ती लेलंडची राहत नाही.

वसंतात व्हर्जिल निवृत्त झाला. तेहेतीस वर्षं त्याने शाळेची पिवळी बस चालवली आणि ती ताशी पस्तीस मैलांच्या वर कधी नेली नाही. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्याने इंजिन उतरवलं आणि पिस्टनची कॅटलॉगं वाचायला घेतली. ज्या माणसाने मुलीच्या लग्नाची पत्रिका नीट वाचली नव्हती, त्याला कॅटलॉगाचं पान एकेचाळीस तोंडपाठ झालं. पान एकेचाळीसवर शर्यतीचे घडीव पिस्टन होते, डोक्यावर उंच घुमट असलेले.

त्या सकाळी कॉफी संपल्यावर ब्लॉक आणि पान एकेचाळीस घेऊन आम्ही तिघे ग्रेचेन नीकॅम्पच्या वर्कशॉपमध्ये गेलो. इंजिनाचं बोअरिंग, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून नव्याने कापणं, आमच्या तालुक्यात तिच्याशिवाय कोणी करत नाही. आधी तिचा बाप करायचा. ग्रेचेन लहानपणी व्हर्जिलच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसायची, म्हणजे बसायचीच असं नाही. त्यामुळे ती त्याला अजून ‘मिस्टर व्ही’ म्हणते.

तिने एक छापील कागद पुढे सरकवला. बापाच्या वेळचाच. त्यावर नाव, पत्ता, इंजिन, आणि शेवटी एकच प्रश्न: गाडीचं काय करणार?

“शर्यत,” व्हर्जिल तोंडीच म्हणाला. “पाव मैलाची.”

ग्रेचेनने पेन्सिलीने बाजूला काहीतरी लिहिलं.

“काय लिहिलंस?”

“भागाकार केला. बाबा म्हणायचे, या प्रश्नाला आलेलं उत्तर तीननं भागायचं. पाव मैल भागिले तीन...” तिने खिडकीबाहेर पाहिलं. “तुमच्या दारापासून टपालाच्या पेटीपर्यंत, मिस्टर व्ही.”

डेल्बर्ट खोकला. मी बाहीवरचा वाळलेला पाक नखाने काढू लागलो.

हसू नका, या प्रश्नावर आमच्याकडे चर्चचे वडीलधारेही खोटं बोलतात. एरवी शब्दाला जागणारी माणसं. पण गाडीचं काय करणार म्हटलं की प्रत्येकाला आपण वीस वर्षांचे दिसू लागतो आणि पेन आपोआप ‘शर्यत’ लिहितं. मग शर्यतीचं इंजिन घेऊन माणूस किराणा आणायला जातो, ते सिग्नलला तापतं, गावातल्या पंपाचं पेट्रोल त्याला सोसत नाही, आणि दोन वर्षांत गाडी पुन्हा ताडपत्रीखाली.

ग्रेचेनने ब्लॉक टेबलावर घेतला आणि सिलिंडरच्या भिंतींची जाडी एका यंत्राने ठिकठिकाणी मोजली. आठ सिलिंडर, प्रत्येकी आठ जागा. तिला घाई नव्हती. मग ती म्हणाली, “हा आधी दोनदा कापलाय. अजून एक काप निघेल. एकच. त्यानंतर यात फक्त जिरेनियमची फुलझाडं लावता येतील.”

व्हर्जिलने टोपी काढली. का काढली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

“मग काप की! पान एकेचाळीस—”

“आधी पिस्टन माझ्या टेबलावर, मग कटर. पिस्टन हातात घेऊन मोजायचा आणि मग त्याच्या मापाचं भोक पाडायचं. आधी भोक पाडून पिस्टन शोधत हिंडणाऱ्यांचे ब्लॉक न्यायला भंगाराची गाडी दर गुरुवारी येते. आणि कुठले पिस्टन, हे तुम्ही या कागदावर खरं लिहिल्याशिवाय ठरत नाही.”

“घडीव. ठरलंय.”

“घडीवमध्येही दोन प्रकार आहेत.”

व्हर्जिलच्या चेहऱ्यावरून माझ्या लक्षात आलं की सकाळपासूनची त्याची माणसांची वर्गवारी कोसळली.

तिने समजावलं. एक मिश्रधातू शर्यतीचा. कितीही मारा सोसतो, पण तापला की फार फुगतो. म्हणून भिंतीशी फट जास्त ठेवावी लागते, आणि रोजच्या वापरात तो लवकर झिजतो. दुसऱ्यात सिलिकॉन जास्त. तो कमी फुगतो, फट कमी लागते, आणि गावात हिंडायला वर्षानुवर्षं टिकतो. राहिला तो घुमट. त्याच्यामुळे दाब इतका वाढेल की शर्यतीचं इंधन लागेल, आणि ते मिळतं चाळीस मैलांवर.

“चाळीस मैल जायचं, टाकी भरायची, चाळीस मैल यायचं,” ती म्हणाली. “मग परत भरायला जायचं. शर्यत हीच.”

व्हर्जिलने कागद घडी करून खिशात घातला. “विचार करतो,” तो म्हणाला. तेहेतीस वर्षांत त्याच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं.

कागद आठवडाभर खिशात होता. रोज सकाळी तो टेबलावर यायचा, उलगडायचा आणि परत जायचा.

“‘शर्यत’ लिही आणि मोकळा हो,” डेल्बर्ट म्हणायचा. “भागून तिला काय करायचं ते करू दे.”

“आणि भागाकार चुकला तर? एकच काप आहे, डेल्बर्ट.”

“मग ‘शर्यत, पण हळू’ असं लिही.”

“तू तुझ्या ट्रॅक्टरच्या कागदावर काय लिहिलं होतंस?”

डेल्बर्टने आपल्या मऊ बिस्किट-पावावर ग्रेव्ही ओतली. ट्रॅक्टर ओढण्याची स्पर्धा, असं त्याने लिहिलं होतं. तो ट्रॅक्टर आता त्याच्या सुनेच्या फुलझाडांमध्ये आहे, आणि छान दिसतो.

शनिवारी व्हर्जिलने माझं पेन मागितलं. हाताचा आडोसा करून, शाळेतल्या पोरासारखं, त्याने दोन ओळी लिहिल्या. थेट वर्कशॉपमध्ये जाऊन कागद पालथा ठेवला. ग्रेचेनने तो उलटला आणि मोठ्याने वाचला, कारण मागच्या सीटवरचे हिशेब माणूस विसरत नाही.

“‘लव्हॉनला घेऊन हिंडणे. रविवारी, पाऊस नसल्यास.’”

डेल्बर्ट तोंड उघडणार होता. मी त्याच्या पायावर पाय दिला.

ग्रेचेनने पेन्सिल कानावर अडकवली. भागाकार केला नाही. “सिलिकॉनवाले,” ती म्हणाली. “सपाट डोक्याचे. गावातल्या पंपावर चालतील. आणि तरीही घडीव हं, मिस्टर व्ही. कोणी विचारलं तर सांगा खुशाल.”

पिस्टन आले. तिने ते दोन दिवस ब्लॉकशेजारी नुसते ठेवले, दोघांचं तापमान एक व्हावं म्हणून. “ओळख होऊ दे,” म्हणाली. मग एकेक मोजला, डोक्यावर एक ते आठ आकडे लिहिले आणि प्रत्येकासाठी त्याच्याच मापाचं घर कापलं. काप संपल्यावर पुन्हा भिंती मोजल्या. भिंती शाबूत होत्या. व्हर्जिलने टोपी घातली.

चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, दुपारच्या जेवणाआधी इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं ठरलं. अंगणात खुर्च्या मांडल्या. बटाट्याचं सॅलड, मक्याची कणसं, लेलंडची मुलं-नातवंडं, सगळे आले. व्हर्जिल गाडीत बसला. ग्रेचेन उघड्या बॉनेटपाशी उभी राहिली.

“एकदा लागलं की वीस मिनिटं बंद करायचं नाही,” तिने बजावलं. “मध्येच थांबलं तर आतला नवा कॅमशाफ्ट, झडपा हलवणारा दांडा, खराब होतो.”

चावी फिरली. इंजिन दुसऱ्या फेरीला लागलं आणि शेजारच्या शेतातली कबुतरं उडाली. लोक टाळ्या वाजवणार, तेवढ्यात तो आवाज आला. खड-खड, खड-खड. डब्यात अक्रोड हलवावेत तसा.

“गेलं,” डेल्बर्टने निकाल दिला. “भिंत गेली.”

 व्हर्जिलचा हात चावीकडे गेला आणि तो अर्धा उठला.

“बसा!” ग्रेचेन इंजिनाच्या वर आवाज चढवून ओरडली. “मिस्टर व्ही, गाडी चालू असताना जागेवरून उठायचं नाही!”

हे वाक्य तेहेतीस वर्षं त्याचंच होतं. तो बसला.

“सिलिकॉनवाले असले तरी घडीवच ते,” ती म्हणाली. “थंड असताना सैल असतात. तापू दे, फुगतील, जागा भरतील. घड्याळ बघा, चावी नको.”

आम्ही सगळ्यांनी घड्याळं पाहिली. तिसऱ्या मिनिटाला अक्रोड कमी झाले. पाचव्याला एखादाच राहिला. सहाव्याला उरला फक्त खर्जातला गुरगुराट, सलग, गुळगुळीत. पायाखालच्या मातीतून वर येणारा. लेलंडचा थोरला मुलगा म्हणाला, “बाबांची गाडी!” आणि गाडीच्या जवळ सरकला.

“मी म्हटलंच होतं,” डेल्बर्ट म्हणाला.

विसाव्या मिनिटाला व्हर्जिल खाली उतरला. सरळ उभा राहिला. इतका उंच आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. वळसा घालून त्याने पलीकडचं दार उघडलं आणि सगळ्यांसमक्ष हात पुढे केला.

“लव्हॉन,” तो म्हणाला, “चल.”

लव्हॉनने ॲप्रन सोडला, खुर्चीवर ठेवला. आली, सीटवर बसली, ड्रेस सावरला. समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहिलं. अंगणात कोणी कणसाला दात लावत नव्हतं.

“मी बसते इथंच,” ती म्हणाली. “तू आधी दोन पिशव्या बर्फ घेऊन ये, लिंबू सरबत गरम झालंय. आणि माझी गाडी ने. हिची सीट भिजेल.”