पुढच्या सीटवरचा वारा

तिसऱ्या किकलाही मोटरसायकल नुसती खोकली आणि गप्प बसली. तिने पाय खाली टेकवला, नाकावर चढलेला मफलर हनुवटीखाली ओढला आणि पुन्हा किकवर उभी राहिली.

"चोक," तो शेजारून म्हणाला.

"ओढलाय."

"मग आता अर्धा सोड."

"आधी सांगायचं होतंस ना."

"विचारलंस कुठे?"

चौथ्या किकला गाडी सुरू झाली आणि धुराचा एक पांढरा लोट अंगणभर पसरला. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या शालीच्या आत नात होती, आणि शालीतून तिचे नुसते दोन डोळे आणि नाकाचा शेंडा बाहेर होता. सगळे तिला खारूताई म्हणत, कारण खाऊ गालात दाबून ठेवायची तिला सवय होती.

"आई, आज तू बाबा झालीस?" खारूताईने विचारलं.

"हो ना. आणि बाबा कोण झाला?"

खारूताईने जरा विचार केला. "बाबा पिशवी झाला."

सासूबाईंनी हसू दाबायला जीभ चावली. तिलाही हसू आलं होतं, पण नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिने ते मफलरमध्ये दडवलं. तो मुकाट्याने मागे बसला. डब्यांची पिशवी मांडीवर घेतली आणि पाठीमागच्या दांडीला दोन्ही हातांनी धरलं.

"अरे, तिला धरून बस की," सासूबाई म्हणाल्या. "लाजतोस काय एवढा? बायकोच आहे तुझी."

गल्लीच्या तोंडाशी शिंपी दुकानाचं शटर वर करत होता. अर्ध्यावर शटर धरूनच तो ओरडला, "वा! आज राजे मागे?"

"प्रधान चालवतोय म्हणून राजा पोचतोय!" ती ओरडली.

मागून हसू आलं नाही. नेहमी अशा ठिकाणी तो शिंप्याला एखादी बोचरी शिवी हासडायचा, आणि शिंपी ती दिवसभर मिरवायचा.

उन्हाळ्यात त्याच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, पण नजर परत आली नाही. एका डोळ्याने अंतर कळत नाही, गाडीचं नाव काढू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायचा. मालक भला माणूस, त्याने त्याला काउंटरवर बसवलं. त्यानंतर तो एकेका गोष्टीतून हळूच अंग काढून घेऊ लागला. चहा ओतताना धार कपाबाहेर गेली, तर त्याने चहा ओतणं सोडलं. खारूताईला वर उडवून झेलायचा, तेही बंद केलं. रविवारी मित्र बोलवायला आले की डोकं दुखतंय म्हणायचा. घरात त्याची एक खुर्ची ठरून गेली होती, खिडकीजवळची, आणि तिला त्या खुर्चीचा राग येऊ लागला होता. म्हणून तर तिने मैदानावर पडत-झडत गाडी शिकून घेतली होती. दोघांच्या नोकऱ्या एकाच गावात, पूर्वी जायचो तसंच जोडीने जायचं, एवढाच तिचा हेका होता.

वस्ती संपली, शेतं लागली. मागून त्याचा आवाज आला.

"सोमवारपासून मी बसचा पास काढतो."

"का?"

"बरं पडेल."

"कोणाला?"

मागे नुसते डबे खडखडले. आज गाडीवरून उतरला तर हा माणूस उद्या त्या खुर्चीतून उठणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. काय करावं ते मात्र ठाऊक नव्हतं. तिने नुसता वेग वाढवला.

आणि तेव्हा वारा लागला.

सहा हिवाळे ती या रस्त्याने गेली होती. थंडी म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे, असाच तिचा समज होता. पण हा वारा वेगळाच होता. तो स्वेटरच्या विणीतून सुयांसारखा आत शिरला, बाह्यांतून चढला, गळ्यातून उतरला आणि पोटाशी येऊन बसला. बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली, आणि ते जास्त भीतीचं होतं. क्लच दाबला की नाही हे बघून ठरवावं लागत होतं. डोळ्यांतलं पाणी कानाकडे पळत होतं. पाठ मात्र उघडी पडली होती, कारण तो दांडी धरून वीतभर लांब बसला होता.

दात वाजू लागले तसे तिने ते आवळून धरले. थंडी वाजतेय म्हटलं असतं, तर तो लगेच म्हणाला असता, "बघ, मी म्हणत होतो, बसच बरी." तेव्हा दुकान येईपर्यंत तिने हूं की चूं केलं नाही.

दुकानासमोर तो उतरला. पिशवीतला तिचा डबा काढून तिच्या हँडलला अडकवू गेला. पहिल्यांदा हात थोडा अलीकडेच थांबला, दुसऱ्यांदा डब्याची कडी बरोबर अडकली. दोघांनीही ते पाहिलं नाही असं दाखवलं.

"जपून जा," तो म्हणाला.

'संध्याकाळी इथेच थांब, मी येते,' असं तिला म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं. ओठ जागचे हलेनात. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यासारखा सगळा खालचा चेहरा लाकडाचा झाला होता.

"शंझ्... शंझ्याकाई..."

तो दचकून जवळ आला. चांगल्या डोळ्याने तिच्याकडे नीट पाहिलं. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, त्याच्या खांद्यांपासून हसू सुटलं. तो वाकून हसला, पिशवी छातीशी धरून हसला. उन्हाळ्यापासून तिने हा आवाज ऐकला नव्हता.

"बोलू नकोस," तो म्हणाला. "जबडा सुटायला वेळ लागतो. गालाला हात लावून बस जरा." आणि हसतच दुकानाची पायरी चढून आत गेला. पायरी त्याने पायाने चाचपली नाही, हे तिच्या लक्षात आलं.

तिचं काम रक्त तपासणीच्या लॅबमध्ये होतं. सकाळी उपाशीपोटी आलेल्या लोकांचं रक्त काढायचं. रोजच्या यादीतल्या एक निवृत्त बाई बाकावर बसून होत्या, शाळेत मुख्याध्यापिका होत्या म्हणून सगळे त्यांना अजूनही मोठ्या बाई म्हणत. तिने त्यांचा दंड धरला आणि त्या खुर्चीतच उडाल्या.

"अगं बाई! हात आहे की बर्फाची लादी?"

"सॉरी, मोठ्या बाई. गाडीवरून आले."

"हिवाळ्यात नेहमी गाडीवरूनच येतेस ना? तुझा गरम हात म्हणून तर मी दुसरीकडे टोचून घेत नाही."

ती हात चोळत राहिली. गरम हात हे आपल्याला देवाचं देणं आहे, असं ती लग्नानंतर कितीतरी वर्षं धरून चालली होती. पेशंट कौतुक करायचे, तीही मान वेळावून घ्यायची. आणि सगळा हिवाळा ते हात असायचे कुठे, तर त्याच्या कोटाच्या खिशांत. मागे बसायचं, हात त्याच्या खिशांत घालायचे, गाल त्याच्या पाठीला लावायचा. खारूताई तान्ही असताना तर तिची रात्रीची उरलेली झोप याच रस्त्यावर व्हायची.

आणि लॅबच्या फाटकाशी उतरल्यावर ती म्हणायची, "येते हं." तो नुसती मान हलवायचा. एक शब्द नाही. चेहरा असा, की जणू हिनेच काही गुन्हा केलाय. त्यावरून किती भांडली होती ती! 'बायकोला साधं ये म्हणायला तोंड दुखतं का तुझं?' हे तिचं दर हिवाळ्याचं ठरलेलं वाक्य होतं.

मोठ्या बाईंनी स्वतःचे दोन्ही तळवे तिच्या हातांवर ठेवले. "ऊब येऊ दे. मला घाई नाही. रडतेस कशाला?"

"वाऱ्याने हो," ती म्हणाली. "अजून डोळ्यांतून पाणी येतंय."

रात्रीची जेवणं झाली. खारूताईला आजीने कुशीत घेतलं. ती दूध तापवत ओट्याशी उभी होती, तो पाणी प्यायला आला.

"का नाही सांगितलंस कधी?" तिने पातेल्याकडेच बघत विचारलं.

"काय?"

"तोंड दुखतं म्हणून. खरंच दुखतं म्हणून."

त्याने पाणी पिऊन पेला खाली ठेवला. "तोंड सुटेपर्यंत तू आत गेलेली असायचीस."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी काय सांगणार? सकाळी थंडी होती म्हणून?"

"हो, सांगायचं! मी एवढं बोलायचे तुला, आणि तू ऐकून घ्यायचास? शहाणाच आहेस."

"सांगितलं असतं, तर तू झोपली असतीस का मागे?"

एवढं म्हणून त्याने पेला धुऊन पालथा घातला आणि निघून गेला. दूध उतू गेलं. तिने गॅस बंद केला, ओटा पुसला, आणि बराच वेळ एकच जागा पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मफलर गुंडाळत होती, तेवढ्यात तो आतून तिचा रेनकोट घेऊन आला.

"हा घाल. स्वेटरवरून."

"पाऊस कुठाय?"

"स्वेटर थंडी अडवतो, वारा नाही अडवत. वाऱ्याला हाच लागतो. आधी स्वेटरची बाही मोज्यात घाल. हातमोज्यात गं! पायमोज्यात नाही."

"मला कळतं तेवढं."

"काल दिसलं ते."

त्याने तिची कॉलर वर केली, मफलर सोडून पुन्हा बांधला, त्याची टोकं छातीवर घडी करून रेनकोटच्या आत खोचली. तिसऱ्या बटणाशी त्याचं बोट काजाच्या बाजूला गेलं. तो थांबला, मग काज बोटाने चाचपून बटण बसवलं आणि पुढच्याकडे वळला. सासूबाई आणि खारूताई दारातून बघत होत्या.

"बाबा आईला शाळेत पाठवतोय," खारूताईने जाहीर केलं.

"हो, आणि पहिलाच दिवस आहे," तो म्हणाला. "रडली तर परत आणतो."

वस्ती संपली. तो अजून दांडी धरूनच होता, पण आवाज आज कानापाशी आला.

"पुढे नाला आहे. थंडी तिथे साचून असते, पाण्यासारखी. उतार लागला की तोंड मीट, खांदे खाली सोड. आवळून धरलेस की जास्त लागते."

तिने तसं केलं. उतारावर वारा अंगावर आला आणि खरंच, डोहात पाय घालावा तसा गारवा गुडघ्यांवरून वर चढला. चढण संपली, तसा गारवा उतरला.

"आता उजवीकडे लांब भिंत येईल. तिच्या कडेने घे, वारा अडतो. खड्डा आहे मध्ये, तो चुकव."

"तुला दिसतोय खड्डा एवढ्या लांबून?"

"मी डोळे मिटलेत."

"काय?"

"पुढे बघ! मिटूनच सांगतोय. गालाला कळतं कुठे आलो ते." मग भिंत संपल्यावर, "आता हळू घे. तिसऱ्यात टाक."

"उशीर होईल."

"टाक तर."

तिने वेग कमी केला. रस्त्याच्या डाव्या अंगाला वीटभट्टी होती. रोजच असायची, तिने ती फार तर दोनदा पाहिली असेल. भट्टीच्या रांगेतून मंद धूर निघत होता आणि तिथली हवा अचानक बदलली. आधी गुडघ्याला, मग बोटांना, मग सगळ्या चेहऱ्याला ऊब लागली. कोणीतरी तोंडावरून हात फिरवावा तशी. तिने अजून वेग कमी केला. इंजिन कुरकुरलं.

"दुसऱ्यात," तो म्हणाला. "मी इथे दुसऱ्यातच घ्यायचो. तू झोपेत विचारायचीस, आलं का, आलं का. वर चिडायचीस, रेंगाळतोस कशाला म्हणून."

"हो, चिडायचे," ती म्हणाली. तोंड आज चांगलं चालत होतं. तिने गाडी दुसऱ्यात टाकली.

मागून भोंगा वाजला. बस होती. ड्रायव्हरने ती रेटत त्यांच्या बाजूने पुढे नेली. खिडक्यांच्या काचा बंद, आत वाफ धरलेली, वाफेत डुलणारी डोकी. सोमवारपासून तो हिच्यातच बसणार होता. ती नुसतं समोर बघत राहिली आणि मागच्या माणसाचा कानोसा घेत राहिली.

बस लांब गेली. मागची दांडी किंचित वाजली, सीट दबली, आणि तिच्या उघड्या पाठीवरचा वारा एकदम बंद झाला.

"बिचारे," तो म्हणाला. "भट्टी कधी गेली ते कळलंही नसेल त्यांना."