मातृभोजनानंतर

श्रीनिवासला अकरावं लागलं तरी त्याची मुंज लागेना. पोर बोलत नसे, हाक मारली तर वळत नसे, सनईचा सूर कानी पडला की भिंतीवर डोकं आपटून घेई. बुधवार पेठेतल्या तीन भटजींनी त्याच्या आईला, मुक्ताबाईला, परत पाठवलं. त्यांतल्या एकानं तर ‘‘मुंज कोणाची लावायची, खांबाची?’’ असं विचारलं, आणि वर सुपारी मागून घेतली.

मुक्ताबाई हटली नाही. तिच्या पोटात गाठ होती. आषाढ दिसेल याची खात्री वैद्य देत नव्हते. नवरा दिगंबरपंत म्हणजे पोराकडे न बघता जेवून निजणारा. आपल्यामागं श्रीनिवासच्या पोटाचं कोण बघणार, या एका काळजीनं ती पोखरली होती. मुंज झाली तर देवळातल्या ब्राह्मणांच्या पंगतीत त्याला रोज पान मिळणार होतं.

शेवटी यज्ञेश्वरशास्त्री तयार झाले. ‘‘मुक्या मुलाचा मंत्र आचार्यानं म्हणावा, चालतं,’’ ते म्हणाले. वैशाखात वाजंत्रीशिवाय मुंज लागली. महिनाभर खपून मुक्ताबाईनं त्याला वस्तऱ्याची, जानव्याची सवय लावली होती, आणि सगळं निभावलंही. मातृभोजनाला मायलेकरं शेवटचं एका ताटात जेवली. बायकांनी डोळे पुसले.

घोटाळा झाला तो इथंच. श्रीनिवास जन्मात आईच्या ताटाखेरीज जेवला नव्हता. मुंजीनंतर ते बंद होतं, हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण वस्तऱ्याच्या धास्तीत ते तिच्या ध्यानातच आलं नाही.

पंगतीत तो पानासमोर नुसता डुलत बसे. ‘‘भूक लागली की खाईल,’’ दिगंबरपंत म्हणाले. तीन दिवस त्यानं शीत उचललं नाही. चौथ्या दिवशी त्याला उभं राहवेना, तेव्हा मुक्ताबाई त्याला धरून शास्त्र्यांच्या परसदारी गेली. दार त्यांच्या पत्नीनं, सुनीतीकाकूंनी उघडलं.

‘‘काकू, शास्त्र्यांना विचारता का? एकदाच त्याला माझ्या ताटात...’’

‘‘विचारलं तर त्यांना नाही म्हणावं लागेल,’’ काकू म्हणाल्या. ‘‘तेव्हा विचारू नका. मागच्या ओसरीवर बसा, मी वाढते. शास्त्र ते बघतील, दार मी बघते.’’

आईनं पहिला घास घेतला आणि श्रीनिवासनं ताटात हात घातला. मुक्ताबाईला रडू आवरेना.

‘‘आणि माझ्यामागं?’’ तिनं विचारलं.

काकूंनी दाराला कडी घातली, हात धुतले आणि ताटाशी येऊन बसल्या. ‘‘सरका जरा. रोज या. माझ्या हाताची सवय लावू त्याला.’’

त्यांचा हात ताटाला लागला आणि श्रीनिवास उठून भिंतीशी गेला. काकू दूर झाल्यावरच परत आला. दुसऱ्या दिवशी तेच, आठव्या दिवशी तेच. मुक्ताबाईला आता दोन घासांवर जात नव्हतं. काकू रोज हात धुऊन बसत होत्या, तो रोज उठून जात होता, आणि ज्येष्ठ अर्धा सरला होता.