बंद डिकी

बुधवारी सकाळी मिनलने स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि लगेच लावून टाकली. दुसऱ्या मजल्यापर्यंत आला होता वास. सोमवारी तो खाली पार्किंगमध्ये गेल्यावर जाणवत होता, मंगळवारी जिन्यात येऊन उभा राहिला, आणि आज तर थेट घरात शिरायला निघाला होता. भाईंदर पश्चिमेच्या त्या सात मजली इमारतीत वास कशाचा हे फक्त तिघांना ठाऊक होतं, आणि ती तिघं एकाच घरात राहत होती. मिनल, तिचा नवरा जितेश आणि दहावीतली लेक सान्वी.

वास मासळीचा होता. एक आख्खी सुरमई, वाटाभर कोळंबी आणि जितेशचे लाडके बोंबील. शनिवारी संध्याकाळी उत्तनहून आणलेले, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून गाडीच्या डिकीत ठेवलेले. ते अजून तिथेच होते. बर्फ मात्र केव्हाच सोडून गेला होता.

मासळी डिकीत, कारण घरात आणायची सोय नव्हती. सहा वर्षांपूर्वी हा फ्लॅट भाड्याने घेताना पहिल्या मजल्यावरच राहणाऱ्या घरमालक ईश्वरभाईंनी हात जोडून एकच अट घातली होती, "बाकी कुछ नहीं, बस नॉनव्हेज नहीं चलेगा." आणि रत्नागिरीच्या बंदरावर लहानाचा मोठा झालेल्या, आमटीत माशाचं डोकं नसेल तर तोंड पाडून बसणाऱ्या जितेशने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "हम तो खाते ही नहीं." मिनल शेजारीच उभी होती. तिनेही हसून मान डोलावली होती. स्टेशन जवळ, सान्वीची शाळा पाच मिनिटांवर, नळाला पाणी. अशा घरापुढे एवढं खोटं काहीच वाटलं नव्हतं तेव्हा.

तेव्हापासून दर आठवड्याला हा चोरटा कारभार चालू होता. शनिवारी संध्याकाळी उत्तनला जाऊन मासळी घ्यायची, रात्रभर डिकीत ठेवायची, रविवारी सकाळी मोरव्याला जितेशच्या धाकट्या बहिणीकडे, शालूकडे, पोचवायची. शालूने साफ करायची, शालूने रांधायची, आणि ह्यांनी तुडुंब जेवून, हाताला लिंबू चोळून, तोंडात बडीशेप टाकून, सोवळ्या चेहऱ्याने घरी परतायचं. मिनलला मधूनमधून स्वतःची शिसारी यायची. पण ताटात तळलेले बोंबील पडले की ती शिसारी मुकाट बाजूला सरकायची, हेही खरंच.

आता गाडीचं. गाडी बारा वर्षांची, जुनी घेतलेली, जपानी आणि हायब्रिड. ती दारात आल्यापासून जितेश जमिनीवर चालेनासा झाला होता. पेट्रोलवर चालते, विजेवरही चालते, सिग्नलला आवाजसुद्धा करत नाही, हे त्याने इमारतीतल्या प्रत्येक माणसाला दोन-दोनदा ऐकवलं होतं. गेल्या दोन महिन्यांपासून गाडीतलं घड्याळ सकाळी बाराच दाखवायचं, दाराची कुलपं कण्हत उघडायची. शालूचा नवरा अमोल मोरव्याच्या नाक्यावर गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. त्याने गणपतीतच सांगितलं होतं, "तुमची छोटी बॅटरी चाललीय. बदलून टाका, अर्ध्या तासाचं काम आहे."

"हायब्रिडला मोठी बॅटरी असते रे अमोल," जितेश म्हणाला होता, तेही अशा सुरात, की अमोल उभ्या जन्मात रिक्षाच्या हॉर्नपलीकडे गेलाच नाही. "छोटीचं काय घेऊन बसलास!"

खरं कारण वेगळं होतं आणि ते मिनलला माहीत होतं. ह्या गाडीची छोटी बॅटरी पुढे नसते, मागे डिकीत असते. बॅटरी बदलायची म्हणजे डिकी सताड उघडायची, गालिचा उचलायचा, आणि त्या गालिच्यात सहा वर्षांच्या सुरमया मुरलेल्या. इमारतीत ते शक्य नव्हतं. बाहेर नेऊन करायला जितेशला वेळ नव्हता. आज करू, उद्या करू.

रविवारी सकाळी तिघं नटून खाली आली. जितेशने किल्लीचं बटण दाबलं. काही नाही. किल्लीतून लोखंडी पातं काढून दार उघडलं, आत बसून सुरू करायला गेला, तर काचेमागचे दिवे एकदा मिणमिणले आणि विझले. डिकीही उघडेना. तिचं कुलूप विजेवर. किल्लीचं भोक होतं, पण मागच्या मालकाने कुठेतरी ठोकून घेतलेली गाडी रंगवताना ते बुजवून टाकलं होतं. मागची सीट पाडून हात घालावा, तर सीट आणि डिकीच्या मध्ये ती जगप्रसिद्ध मोठी बॅटरी भिंतीसारखी उभी. म्हणजे बॅटरी मेली म्हणून डिकी उघडत नाही, आणि डिकी उघडत नाही म्हणून बॅटरी बदलता येत नाही.

"अमोलभावोजींना फोन कर," मिनल म्हणाली.

"हे अमोलचं काम नाही," जितेश म्हणाला. त्याने कुठल्याशा हायब्रिडवाल्या गॅरेजला फोन लावला. त्या माणसाने गाडी न बघताच मोठी बॅटरी गेल्याचं सांगून टाकलं. जितेशच्या तोंडचं पाणी पळालं. तो वर आला आणि पंख्याखाली आडवा झाला. सोमवार-मंगळवार दोन्ही दिवस त्याने ऑफिसमधून येऊन फक्त मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. ऑक्टोबरचं ऊन मात्र बिनचूक रोज येत होतं आणि पत्र्याच्या पार्किंगखाली डिकी तापत होती.

मंगळवारी दुपारी मिनल खाली गेली तर इमारतीतल्या पाचही मांजरी गाडीच्या मागे ओळीने बसलेल्या. डिकीखालून काळपट पाणी ठिबकत होतं. त्यावर हिरव्या माशा. वॉचमन नाकाला रुमाल लावून तिला म्हणाला, "मॅडम, आपकी गाडी में कुछ मर गया है." मिनलला भडभडून आलं. ती तशीच वर गेली, मोरीत ओकली, तोंड धुतलं आणि जितेशला न विचारता अमोलला फोन केला. बुधवारी अकरा वाजता ईश्वरभाई अंगठा घेणाऱ्या एजंटला घेऊन येणार होते. घराचा करार संपत होता. पुढच्या अकरा महिन्यांचा झाला नाही, तर दहावीच्या वर्षात सान्वीला घेऊन घरं शोधत फिरायचं होतं.

बुधवारी साडेदहालाच अमोल नवीन बॅटरी आणि जाड वायरी घेऊन हजर झाला. वास कशाचा हे त्याला विचारावं लागलं नाही. त्याला सगळं ठाऊकच होतं, दर रविवारी त्याच्याच घरी जेवणं होत होती.

"वहिनी, मोठीला काही झालेलं नाही," बोनेट उघडत तो म्हणाला. "गाडी मोठी ओढते, पण तिला जागं छोटी करते. डिकी नाही उघडली तरी पुढून वीज देता येते, हे बघा, ह्या झाकणाखाली टोक दिलेलंय. पाच मिनिटांत उघडेल."

"एवढंच होतं?" मिनलने विचारलं.

"एवढंच होतं."

तीन दिवस. ह्या एवढ्याशासाठी तीन दिवस सडवलं. मिनलने जितेशकडे पाहिलं. तो ऑफिसला दांडी मारून, इस्त्रीचा शर्ट घालून, नाक मुठीत धरून बाजूला उभा होता. "थांब अमोल," तो हळूच म्हणाला. "आत्ता नको. ईश्वरभाई येऊन सही करून जाऊ देत, मग उघडू."

पण अमोलने वायर टेकवली होती. गाडीत दिवे लागले, घड्याळात बारा वाजले, आणि जितेशने दचकून खिशातली किल्ली घट्ट धरली. नेमकं डिकीचं बटण दाबलं गेलं. खट्ट झालं आणि डिकी वर आली.

नेमके तेव्हाच ईश्वरभाई आणि त्यांची बायको हंसाबेन एजंटला घ्यायला जिन्यातून उतरत होते. वॉचमन होता. दुधाची पिशवी घेऊन तळमजल्याची सुरुची दारात आली होती. वास असा काही बाहेर पडला की सुरुची पिशवी टाकून आत पळाली. खोकं फुगून फुटलं होतं. सुरमईचा पांढरा पडलेला डोळा उघडा दिसत होता, आणि बोंबलांचं तर नुसतं पाणी झालं होतं. उंदीर मेला म्हणून सांगायचं जितेशने दोन दिवस घोकलं होतं. पण एवढ्या मोठ्या शेपटीचा उंदीर कुणी मानला नसता.

ईश्वरभाईंनी डिकीत डोकावून पाहिलं, मग मान वर केली. ते जितेशकडे पाहत राहिले.

जितेशची बोबडी वळली. मग त्याने मिनलकडे न पाहता हात वर केला आणि बोट अमोलकडे केलं. "ये इसका है. मेरे बहनोई का. मेरे को बिना पूछे रख दिया. इन लोगों का चलता है अंकल, क्या बोलूं, हम तो हाथ भी नहीं लगाते."

मिनलला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. अमोलने वायर सोडवून खाली ठेवली. त्याने जितेशकडे पाहिलं, मग वर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे सान्वी उभी होती, शाळेच्या गणवेशात.

"हां सेठ, मेरा है," अमोल म्हणाला. "गलती हो गई. साफ करके देता हूं."

"ऐसे कैसे रख दिया?" हंसाबेन पदराआडून म्हणाल्या. "यहां बच्चे लोग रहते हैं. शरम नहीं आती?"

"गलती हो गई," अमोल पुन्हा म्हणाला. त्याने उघड्या हातांनी ते खोकं उचललं. पाणी त्याच्या कोपरापर्यंत ओघळलं. तो गेटबाहेर कचराकुंडीकडे गेला, मांजरी त्याच्या मागे गेल्या. जितेशने जीव भांड्यात पडल्यासारखा श्वास सोडला आणि ईश्वरभाईंना म्हणाला, "चलो अंकल, ऊपर चलते हैं. चाय रेडी है."

आणि मिनल वर गेली. हे तिला पुढे कितीतरी दिवस खुपत राहणार होतं. ती वर गेली, तिने चहा गाळला, खारी बशीत मांडली. एजंटने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र मांडलं. ईश्वरभाईंनी अंगठा दिला. जितेशने दिला, आणि हसून म्हणाला, "एकदम क्लिअर आया." मिनलने खारीची बशी त्याच्यापासून लांब सरकवली.

हंसाबेन प्रेमळ बाई. तापात सान्वीच्या उशाशी बसलेल्या. त्यांनी मिनलच्या पाठीवरून हात फिरवला. "तुम लोग कितने अच्छे हो बेटा. पण ऐसे रिश्तेदार को बिल्डिंग में मत बुलाया करो."

मिनलने यंत्रावर टेकवायला नेलेला अंगठा मागे घेतला.

"मच्छी हमारी थी," ती म्हणाली. "अमोलभाई की नहीं. हम खाते हैं. छह साल से खाते हैं. उनके घर जाके खाते हैं."

जितेश अर्धवट उठला. "ही काहीही बोलतेय, अंकल, टेन्शनमध्ये आहे."

"बैठो," ईश्वरभाई म्हणाले. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. "मिनलबेन, मेरे को मालूम है. हर शनिवार आपकी गाडी के नीचे बरफ का पानी गिरता है. पहले साल से मालूम है. आप लोग घर में नहीं पकाते थे, मैं नहीं देखता था. चल रहा था." त्यांनी चष्मा परत चढवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट ते दमल्यासारखे दिसत होते. "अभी आपने मुंह से बोल दिया. एजंट के सामने बोल दिया. कल सोसायटी की मीटिंग में मेरे को पूछेंगे तो मैं क्या बोलूं? क्यों बोली आप?"

"अमोलभाई ने उठाया ना हाथ से," मिनल म्हणाली. तिला एवढंच सुचलं.

ईश्वरभाईंनी एजंटला खूण केली. त्याने लॅपटॉप मिटला. "दिवाली तक देख लो," ते दारातून म्हणाले. हंसाबेननी चहाला हातही लावला नव्हता.

दार लागलं. जितेश कपाळाला हात लावून बसला होता. "गप्प बसायला काय झालं होतं तुला? मिटलं होतं सगळं! अमोलचं काय जाणार होतं? त्याला कुठे इथे राहायचंय?"

"मला तुझी किळस आली," मिनल म्हणाली. "आणि मी चहा गाळत बसले, म्हणून माझीही." ती चपला घालून खाली गेली.

अमोलने नवी बॅटरी बसवली होती. गाडी आवाज न करता चालू होती. तो गालिचा काढून डिकी फिनाइलने पुसत होता. "झालं वहिनी. आता काही वर्षं बघायला नको. करार झाला?"

"नाही झाला. मी सांगून टाकलं. दिवाळीपर्यंत घर सोडायचंय."

अमोलचा हात थांबला. त्याने फडकं पिळलं. "मी सान्वीसाठी ऐकून घेतलं होतं," तो म्हणाला. "मग तेही फुकट गेलं."

मिनलने हे हिशेबात धरलंच नव्हतं. "वर चला, भावोजी," ती म्हणाली. "जेवून जा."

"नको. अंगाला घाण येतेय."

"आमचीच आहे ती. चला."

तो आला. पहिल्या मजल्यावर ईश्वरभाईंचं दार आलं, तसा तो थांबला आणि आवाज नको म्हणून त्याने चपला काढून हातात घेतल्या. मिनल दोन पायऱ्या पुढे गेली होती. ती परत खाली आली.

"घाला त्या पायात," ती म्हणाली, आणि तो घालेपर्यंत तिथेच उभी राहिली.