मनोऱ्याकडे पाहू नये

वाटाड्याच्या परीक्षेत सगळ्यात आधी पाहुण्यांना सूचना द्यायच्या असतात. मी दिल्या. आमचे रस्ते दगडगोट्यांचे आहेत, तेव्हा वर बघत चालू नका. आमच्या इमारती बघण्यासारख्या आहेत, तेव्हा खाली बघत चालू नका. नदीकाठची लाकडी वाट ओली असते. सायकलवाल्याला वाट द्या, तो तुम्हाला देणार नाही. फ्रीट, म्हणजे तळलेले बटाटे, चौकात घेऊ नका, मागच्या गल्लीत घ्या, आणि मागच्या गल्लीतला दुकानदार तोंड वाकडं करून बोलला तर वाईट वाटून घेऊ नका, तो सगळ्यांशीच तसा बोलतो.

"आणि मनोरा?" पाहुण्यांपैकी राफने विचारलं.

"मनोरा तुमच्या मागे आहे," मी म्हणालो. "आता आपण पुढे जाऊ."

लुडविना फेर्डोंक बाईंनी मान डोलावली. त्या परीक्षक. पाहुण्यांसारखाच कोट घालून पाहुण्यांच्या मागून चालायच्या, पण त्यांना कुणी पाहुणी समजेल अशी शक्यता नव्हती, कारण समोरून येणारे सायकलवाले त्यांना वाट देत होते.

बेल्जियममधल्या आमच्या मेखेलेनमध्ये घंटांच्या मनोऱ्याबद्दल विचारायचं नसतं. आम्हाला तो आवडतो, पण साडेतीनशे वर्षांपूर्वी एका धुक्याच्या रात्री गुत्त्यातून बाहेर पडलेल्या कुणा इसमाला तो लाल झालेला दिसला आणि त्याने आग लागल्याची बोंब ठोकली. अख्खं गाव उठलं. महापौरापासून मोच्यापर्यंत सगळे पायऱ्यांवर रांग लावून बादल्या वर देऊ लागले. पहिली बादली वर पोचायच्या बेतात असताना धुकं सरलं आणि मागून चंद्र दिसला. ही बातमी शेजारच्या अँटवर्पला पोचायला घोड्याला जेवढा वेळ लागला असेल, तेवढाच काळ आम्ही सुखात होतो. तेव्हापासून आम्हाला चंद्र विझवणारे म्हणतात.

फेर्डोंक बाईंचा नियम असा, की वाटाड्याने ही गोष्ट सांगायची नाही. पहिल्या परीक्षेत मी ती सांगितली. दुसऱ्या परीक्षेत सांगितली नाही, पण एका पाहुण्याने ती मला सांगितली आणि मी हसलो. ही तिसरी परीक्षा, आणि चौथी नसते. वाटाड्याचा बिल्ला मिळाला नाही तर सोमवारपासून मामाच्या शेडमध्ये जायचं ठरलं होतं. मामा विटलोफ पिकवतो. ही पांढरी भाजी पूर्ण अंधारात वाढते. तिला ऊन सोसत नाही आणि मामाच्या मते बडबडही सोसत नाही. मी जन्मापासून एक मिनिट गप्प बसलेलो नाही. आई म्हणायची, "योप्पे, तू तिथे महिनाभर राहिलास तर एक तर तू पांढरा पडशील, नाहीतर भाजी हिरवी होईल."

पाहुणे तिघंच होते. आक्सेल आणि टोवे हे डेन्मार्कचं जोडपं. दोघं निवृत्त, ब्रुजला जाता जाता गाडी बदलायच्या मधल्या वेळात आलेले. आमच्याकडे सगळे असेच येतात, मधल्या वेळात. आणि तिसरा राफ, अँटवर्पचा. हा दारातून आत शिरताना खांदे तिरपे करावे लागतील असा माणूस. त्याच्या घरी दुपारी सासू येणार होती म्हणून तो इथे आला होता.

"बादली नाही आणलीस का रे पोरा?" त्याने भेटताक्षणी विचारलं होतं.

"आपण आता पाहतोय ते नगरभवन," मी म्हणालो. "याचा डावा भाग बांधायला घेतला आणि मध्येच राहिला. तो पुढे पूर्ण झाला, पण चारशे वर्षांनी. आमच्याकडे कामं होतात."

"मनोऱ्याचंही टोक राहिलंय म्हणे," राफ म्हणाला. "चंद्राला लागेल म्हणून कापलं का?"

टोवे हसल्या. मी हसलो नाही. गाल आतून चावून धरले. फेर्डोंक बाई माझ्या गालांकडेच बघत होत्या.

नोव्हेंबरची संध्याकाळ होती. धुकं नदीवरून चौकात येऊन बसलं होतं, कॅफेवाल्याने टेबलं आत घ्यायची की नाही याचा विचार अर्ध्यावर सोडला होता, आणि वर मनोऱ्यात कुणीतरी घंटा वाजवण्याचा सराव करत होतं. एका नाचाची धून होती बहुतेक, थोडी लंगडी. मी चीजबद्दल सांगत होतो. तेवढ्यात टोवेंनी हात वर केला, शाळेत करतात तसा.

"ते काय आहे?"

मी वळलो. वळायला नको होतं. मनोऱ्याच्या वरच्या खिडकीतून लाल उजेड येत होता. साधा लाल नव्हे, हलणारा. त्याच्या आजूबाजूला धूर होता किंवा धुकं होतं. दोन्ही एकाच रंगाचं असल्यामुळे आमच्या पूर्वजांना दोष देण्यात अर्थ नाही हे मला तेव्हा पहिल्यांदा पटलं.

"कुठे काय?" मी म्हणालो.

"आग लागलीये वाटतं," आक्सेल म्हणाले.

चौकात निदान पन्नासेक माणसं असतील. सगळ्यांनी वर पाहिलं आणि सगळ्यांनी लगेच खाली पाहिलं. कॅफेतला वेटर फोन्स एक स्वच्छ टेबल पुसू लागला. एक पोलीस कोपऱ्यावरच्या फलकावरचे पार्किंगचे नियम वाचायला लागला, जणू ते आत्ताच निघाले होते. कारण राफ जोरात बोलत होता, आणि अँटवर्पचा माणूस चौकात असताना मेखेलेनचा माणूस मनोऱ्याकडे बोट दाखवत नाही. घर जळालं तरी चालेल.

"काय हो," राफने फोन्सला विचारलं, "वर काय दिसतंय?"

"कुठे वर?" फोन्स म्हणाला.

"मनोऱ्यात."

"कुठल्या मनोऱ्यात?"

राफ गुडघ्यांवर हात टेकवून हसू लागला. मी फेर्डोंक बाईंच्या जवळ सरकलो.

"बाई, तुम्हाला दिसतंय ना?"

"योप्पे," त्या ओठ न हलवता म्हणाल्या, "तू काही पाहिलेलं नाहीस."

"आणि तुम्ही?"

"मी नोकरीला लागल्यापासून त्या दिशेला पाहिलेलं नाही. पुढचं ठिकाण घे."

मी पुढचं ठिकाण घेतलं. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि नाच मध्येच थांबला. घंटा थांबल्या. चूक झाल्यावर वाजवणारा थांबतो, मग पुन्हा मागून सुरू करतो. आम्ही सगळ्यांनी वाट पाहिली. फोन्सचा हात टेबलावर थांबला. पुन्हा काही सुरू झालं नाही.

म्हणजे वर माणूस होता. माझ्यासमोर हिशोब सोपा होता. ओरडलो आणि वर काही नसलं, तर बिल्ला गेला, आणि पुढची साडेतीनशे वर्षं गोष्टीत गुत्त्यातल्या इसमाच्या जागी माझं नाव येणार, तेही बरोबर स्पेलिंगसह. नाही ओरडलो तर मात्र बिल्ला मिळेल. मला खरंच वाटलं, मामाची भाजी तशी वाईट नसते, हॅममध्ये गुंडाळून वर चीज घातलं की.

"आग!" मी ओरडलो. "मनोऱ्याला आग लागलीये!"

चौकात अशी शांतता पसरली की बिअरचा फेस बसताना ऐकू आला. मग राफ हसला. असा हसला की डोळ्यांतून पाणी आलं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी आगीवर टाकण्याजोगं तेवढंच पाणी हाताशी होतं.

तेवढ्यात बेकरीचं दार उघडलं. बेकरीवाल्या आजी बाहेर आल्या, त्यांच्या हातात बादली होती. रिकामी नाही, भरलेली. आमच्याकडे बादली म्हणून नाहीच, फरशी आम्ही फडक्याने पुसतो, असं त्या गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. मग चांभाराच्या दुकानातून दोन आल्या. औषधाच्या दुकानातून एक निघाली, तिच्यावर झाकण होतं. फोन्सने काउंटरखालून काढली. पोलिसाने गाडीची डिकी उघडली. अख्ख्या शहरात सगळ्यांकडे बादली होती आणि सगळ्यांनी ती एकमेकांपासून लपवली होती.

"उजव्या हाताने घ्या, डाव्याने द्या!" फेर्डोंक बाई ओरडल्या. हातमोजे काढून त्यांनी कोटाच्या खिशात कोंबले होते. "योप्पे, बघतोस काय? वर जा!"

रांग लागली. कुणी कुणाला काही शिकवत नव्हतं. बादली अशी जात होती की थेंब सांडत नव्हता.

"तुम्हाला हे कुणी शिकवलं?" धापा टाकत मी चांभाराला विचारलं.

"वडिलांनी," तो म्हणाला. "न्हाणीघरात. दार लावून."

अग्निशमनचा बंबही आला. त्याची शिडी मनोऱ्याच्या गुडघ्यापर्यंत पोचली, तेव्हा ती मिटवून तेही लोक आपापल्या बादल्या घेऊन रांगेत आले. टोवे आणि आक्सेल तळाशी नळावर होते. राफ आमच्या मागून जिना चढत होता.

"मी नुसता बघायला येतोय," तो म्हणत होता. "उद्या सगळ्यांना सांगायचं म्हणजे नीट बघायला हवं ना."

पण जिना अरुंद आणि तो रुंद. त्याच्या बाजूने बादली जाईना, त्यामुळे ती त्याच्याच हातात द्यावी लागली. मग पुढची. थोड्या वेळाने तो हसायचा थांबला. त्याच्यापुढे चढणारे एकेक करून दमून भिंतीला टेकले. घंटा वाजवणाऱ्यांच्या खोलीशी पोचलो तेव्हा सगळ्यांच्या पुढे तो होता आणि त्याच्या पाठीला चिकटून मी. दाराच्या फटीतून लाल उजेड बाहेर सांडत होता आणि वाफ येत होती.

"आत कोण आहे?" मी ओरडलो.

"मागे हो पोरा!" राफने खांद्याने दार ढकललं, बादली दोन्ही हातांनी मागे नेली आणि पूर्ण ताकदीने फेकली.

फट्‌ असा आवाज झाला. अंधार. मग अंधारातून चिवचिव ऐकू आली.

"हे कुणी केलं?" एक मुलगी म्हणाली. "कोण आहे तो गाढव?"

मी मोबाइलचा दिवा लावला. घंटा शिकणारी ओटेलीन एका मोठ्या खोक्यापाशी गुडघ्यांवर बसली होती. खोक्यात कोंबडीची पिल्लं होती, भिजून पेन्सिलीएवढी झालेली. वर ऊब देणारा लाल दिवा लोंबकळत होता, म्हणजे दिव्यात जे उरलं होतं ते. कोपऱ्यात चहाची किटली वाफ सोडत होती. खिडकी जराशी उघडी होती.

"वसतिगृहात पिल्लं चालत नाहीत," ती म्हणाली. "इथे प्लग आहे. एक पिल्लू सारखं लटपटून पडत होतं म्हणून वाजवायचं थांबवून त्याला धरलं, दिवा हलवून जवळ घेतला, आणि तुम्ही..." मग तिने राफच्या हातातली बादली पाहिली, जिन्यातली रांग पाहिली, आणि तिचा चेहरा बदलला. ती आमच्याच गावची. "अगं आई गं," ती म्हणाली. "पुन्हा?"

राफ बादलीत बघत होता, जणू अजून काही थेंब परत घेता येतील.

"गारठून मरतील ती," ओटेलीन म्हणाली. "खाली कुठे ऊब आहे?"

"बेकरीत," मी म्हणालो. "भट्टी."

मग रांग उलटी फिरली. रिकाम्या बादल्यांत रुमाल, टोप्या, एक पोलिसी मफलर अंथरून पिल्लं खाली जायला लागली, या हातातून त्या हातात. वरून निरोप जात होता, "हळू, जीव आहे," आणि खालून विचारणा येत होती, "काय आहे?", पण एकदाही हात थांबला नाही. मला लहानपणापासून ऐकलेल्या त्या गोष्टीची कधी शरम वाटली नव्हती असं नाही. पण जिन्यात उभा असताना वाटलं, त्या रात्रीही एवढी माणसं एकमेकांचे हात न बघता धरून उभी असतील, आणि चंद्राचं काय, तो कुणालाही दिसतो.

बेकरीत भट्टीपाशी पिल्लं फुगून पुन्हा पिल्लांसारखी झाली. सगळी चिवचिवत होती, एक सोडून. त्याच्याभोवती सगळे टोप्या काढून उभे राहिले, तेव्हा ते जागं झालं आणि बेकरीवाल्या आजींच्या बोटाला चावलं.

राफ पिठाच्या पोत्यावर बसला होता. त्याच्या कोटातून एका पिल्लाचं डोकं बाहेर आलं होतं.

"बाई," तो फेर्डोंक बाईंना म्हणाला, अगदी हळू, "बादली शेवटी कुणी टाकली हे... म्हणजे अँटवर्पमध्ये माझी पोरं शाळेत जातात हो."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. साडेतीनशे वर्षांनी आलेली संधी होती. फोन्सने श्वास रोखून धरला, चांभाराने तर डोळे मिटून घेतले.

"केस पुसा आधी," बाई म्हणाल्या आणि त्याला टॉवेल दिला. "सर्दी होईल."

मग त्यांना आठवलं की परीक्षा संपलेली नाही. त्या माझ्याकडे वळल्या. त्यांचा कोट बाहीपासून टपकत होता. "निरोपाच्या सूचना राहिल्यात."

मी ताठ उभा राहिलो. "स्टेशन सरळ रस्त्याने, पूल ओलांडून. ब्रुजची गाडी..."

"ती गेली," टोवे म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर दोन पिल्लं झोपली होती आणि त्या हलू इच्छित नव्हत्या. "आम्ही इथेच खोली बघतो. योप्पे, उद्या इथे काय बघायचं?"

आमच्याकडे पाहुणे 'पुढची गाडी कधी' विचारतात, 'शौचालय कुठे' विचारतात. 'उद्या' विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. फेर्डोंक बाईंनीही ऐकलं नसावं, कारण त्या पहिल्यांदाच पटकन बसल्या, आणि बसायला खुर्ची आहे की नाही ते न बघता.

"सांग की," त्या म्हणाल्या. "त्या विचारतायत."

मी सांगू लागलो. सकाळी नदीकाठून जा, वाट ओली असेल पण जा. मग शनिवारचा बाजार, तिथे चीजवाल्याशी घासाघीस करू नका, तो खूश होतो आणि मग सोडत नाही. मग दुपारी... आक्सेल मान डोलावत होते. राफनेही पुढे झुकून विचारलं, घासाघीस केली तर नक्की किती वेळ सोडत नाही, कारण सासू रविवारपर्यंत राहणार होती. मी बोलतच राहिलो, आणि मध्येच बाईंनी पर्समधून बिल्ला काढून माझ्यासमोर पिठाने माखलेल्या टेबलावर ठेवला, बिअरखाली चकती सरकवतात तसा, न बघता.

"फोन्स," त्या म्हणाल्या, "याच्यासाठी काहीतरी गरम आण. घसा बसायला नको. याला उद्या दिवसभर बोलायचंय."