बक्षीसपत्र आणि माझा आखूड पाय

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. जिच्यासाठी पुढारी भांडतात ती नव्हे. माझ्यावर सध्या कांद्यांची टोपली असते. हसू नका, मित्रांनो. सोफ्यावर लोळणाऱ्यांना माझी किंमत दिवा बदलायची वेळ आल्याशिवाय कळत नाही.

दार करून उरलेल्या लाकडातून माझा जन्म झाला. सुतार हाताचा चांगला, पण बडबड्या. गप्पांच्या नादात माझा एक पाय अर्धं बोट आखूड कापला गेला, तेव्हापासून मी डुगडुगते. आमची म्हातारी तेव्हा तरुण होती. म्हणाली, "असू दे. कामात डुलकी लागली तर हीच मला जागं करील."

माझ्यावर बसून तिने तीस वर्षं शर्टांची काजं केली नि बटणं लावली. शाळा दुसरीपर्यंतच, पण काज सुताभर चुकलं तरी तिच्या नजरेतून सुटायचं नाही. "आधी काज बघायचं, मग बटण लावायचं," हे तिचं ठरलेलं. त्या बटणांवर दोन मुलगे आणि एक लेक वाढली, आणि हे तीन खोल्यांचं घर उभं राहिलं. आल्यागेल्याला ती माझ्या पाठीवर थाप मारून सांगायची, "हे घर आमच्या ह्यांनी नाही, हिने बांधलं." ह्यांना ते मुळीच आवडायचं नाही.

मग सोफा आला आणि मी स्वयंपाकघरात गेले. कांद्यांखाली.

नवरा गेल्यावर म्हातारीला वाटण्यांची काळजी लागली. आपल्यामागे पोरं एकमेकांच्या डोक्यात भांडी घालतील, म्हणून तिने युक्ती काढली. प्रत्येक वस्तूच्या बुडाला ज्याला ती द्यायची त्याच्या नावाची चिठ्ठी, गोंद लावून. पण राग तिच्या नाकावर. लेकीचा फोन चुकला की घड्याळ धाकट्याचं. धाकट्याने भाजीला नावं ठेवली की घड्याळ थोरल्याचं. जुनी चिठ्ठी काढायचा कंटाळा, म्हणून तिच्यावरच नवी. पोरं भेटायला आली की सगळ्यांचे चष्मे हरवायचे आणि सगळी ओणवी होऊन शोधायची. थोरली सून तर चष्मा लावतही नव्हती, तरी दर भेटीत तिचा चष्मा कपाटाखालीच जायचा!

माझ्या बुडाखाली मात्र एकही चिठ्ठी नव्हती. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

एके दिवशी थोरला जाडजूड कागद घेऊन आला. "आई, घराला चिठ्ठी कुठे लावणार? घर उचलून बूड बघता येतं का? इथे सही कर, घर माझ्या नावावर होईल. मी तुला शेवटपर्यंत सांभाळीन."

"आणि आत्ता कोण सांभाळतंय मला? मीच ना?"

"तसं नाही गं आई."

थोरला म्हणजे तिचा जीव की प्राण. तिने पेन उचललं, आणि माझ्या सांध्यासांध्यात कळ आली. पण पेन कागदावर टेकता टेकता थांबलं.

"ठेवून जा," ती म्हणाली. "आधी काज बघते."

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः फोन करून एका वकीलबाईंना बोलावलं. बातमी फुटायला वेळ लागतो का? तिन्ही पोरं आणि थोरली सून हजर.

"मला एकट्या आजींशीच बोलायचंय," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्ही बाहेर बसा."

"आम्ही घरचेच आहोत," थोरला म्हणाला.

"म्हणूनच."

स्वयंपाकघराचं दार लागलं. कांदे खाली उतरले आणि वकीलबाई माझ्यावर बसल्या. मी डुगडुगले.

"आजी, ही खुर्ची हलतेय."

"हलू दे. शब्दावरून हलणाऱ्या माणसांपेक्षा बरी."

वकीलबाईंनी कागद वाचला. "हे बक्षीसपत्र आहे. सही करून नोंदणी झाली की घर त्यांचं. उद्या बिनसलं तर परत मिळवायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवा. तुम्ही इथे राहणार, हेसुद्धा यात कुठे लिहिलेलं नाही."

"आणि माझ्या चिठ्ठ्या?"

"तारीख नाही, सही नाही, साक्षीदार नाहीत. पाच चिठ्ठ्यांत खरी कुठली?"

"सगळ्यात वरची."

"आणि गोंद सुटला तर?"

म्हातारीने ओट्यावरचा डबा उलटा करून वरची चिठ्ठी नखाने ओढली. ती अलगद हातात आली.

"मृत्युपत्र करा, आजी. ते तुमच्या पश्चात लागू होतं. तोवर घर तुमचंच. मन बदललं तर नवं करता येतं."

"कितीही वेळा?" म्हातारीचे डोळे लकाकले. "अगं, मग हे आधी नाही का सांगायचं! गोंद तरी वाचला असता."

इतक्यात दार धाडकन उघडलं आणि कान लावून उभी असलेली चौघंही आत कोसळली.

"चष्मा शोधताय का रे?" म्हातारीने विचारलं.

सगळे हसले, थोरला सोडून. "आई, तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

म्हातारीने त्याला जवळ बसवलं. "आहे रे बाळा. पण या घराची एकेक वीट मी बटण लावून आणलीये. म्हातारपणी याच घरात मला कुणी 'जरा सरक' म्हटलेलं खपायचं नाही. तू म्हणणार नाहीस. पण ते तुझ्या मर्जीवर नको, माझ्या हक्कावर हवं."

थोरल्याने मान खाली घातली. "बरं," तो म्हणाला.

मृत्युपत्र झालं. साक्षीला औषधाचे दुकानदार आणि शेजारच्या मास्तरीणबाई, दोघांनाही त्यातलं काहीच मिळायचं नव्हतं. खूश होऊन म्हातारी मला वकीलबाईंच्या नावे लिहायला निघाली. त्या म्हणाल्या, "लिहिणारीचंच नाव आत आलं तर लोक शंका घेतील." मग म्हातारी म्हणाली, "राहू दे. ही कुणाला नको. ही माझी."

मित्रांनो, चिठ्ठीपेक्षा ते मला गोड वाटलं.

शेवटी ओट्यावर राहिला तो थोरल्याचा कागद, बिनसहीचा. म्हातारीने त्याची घडी घातली, घडीवर घडी घातली, आणि माझ्या आखूड पायाखाली सरकवली. बसून बघितलं. मी तसूभरही हलले नाही.

तुमच्या घरी म्हातारी माणसं असतील ना, तर त्यांच्यापुढे आलेला कागद त्यांना मोठ्याने, सावकाश वाचून दाखवा. दाराआडून ऐकू नका, शेजारी बसा. जुन्या खुर्च्यांचे खिळेही अधूनमधून ठोका.

अलीकडे थोरला दर रविवारी येतो आणि सोफा सोडून आईपाशी माझ्यावरच बसतो. जुनी खोड म्हणून त्याला जरा डुगडुगवावं असं मनात येतं. पण काय करू? त्याच्याच कागदाने माझा पाय पक्का केलाय.