दोन इंच

एकवीस नोव्हेंबर १९९९ ला संध्याकाळी मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी क्रांतीच्या मांडीच्या दोन फिल्म उजेडावर लावल्या. एक त्या दिवशीची, हाड मोडलेली. दुसरी ऑगस्टमधली. गुडघ्याच्या वर हाडात गाठ होती, ती दोन्हीत दिसत होती.

‘तीन महिने कुठं होता?’ डॉक्टरांनी मला विचारलं. ‘तेव्हाच मुंबईला न्या म्हणून तुमच्या भावाला सांगितलं होतं.’

मला भाऊ नाही. माझा दोस्त कृष्णात दाराशी उभा होता. तो खाली बघायला लागला.

कोल्हापुरात उद्यमनगरात आमची शेड. पुढं माझं वेल्डिंगचं दुकान, मागं मी आणि कृष्णातनं काढलेली जिम. क्रांती, माझी बायको, तिथं वजन उचलायची. स्क्वॉटमध्ये नियम एकच: बार खांद्यावर घेऊन इतकं खाली बसायचं की खुबा गुडघ्याच्या वरच्या कडेपेक्षा खाली गेला पाहिजे. वर राहिला तर पंच लाल दिवा देतात. बसणाऱ्याला आपण किती खाली गेलो ते कळत नाही, म्हणून मी तिच्या मापाचं स्टूल केलं होतं. स्टुलाला टेकलं की उठायचं. मी समोरून गुडघे आत येतात का बघायचो. कृष्णात मागं, बार सांभाळायला.

श्रावणात ती खाली जायला कचरायला लागली.

‘अगं खाली! एस्टीत जागा धरल्यागत अर्धीच काय टेकतीस?’

‘तुमी बसून दाखवा की आधी. पोट आडवं येतंय का बघूया.’

कृष्णात हसायचा. आठवड्याभरात ती परत टेकायला लागली. मला वाटलं, माझं बोलणं लागलं. मी मोजून केलेलं स्टूल, म्हणून परत मोजलं नाही.

स्पर्धा जयसिंगपूरला होती. स्पर्धेत स्टूल नसतं. नव्वद किलोला पहिल्या दोन्ही वेळा ती वरूनच उठली. तिन्ही दिवे लाल. तिसऱ्या वेळी मी कडेवरून ओरडलो, ‘खाली! आणखी खाली!’ ती गेली. खुबा गुडघ्याखाली गेलेला मी बघितला. मग पाय मोडला. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

‘वैनींनीच सांगितलं,’ दवाखान्याबाहेरच्या बाकावर कृष्णात म्हणाला. ‘ऑगस्टात मीच हितं आणलं त्यास्नी. तेवढी स्पर्धा होऊ दे, मग मी सांगती म्हणाल्या. स्टुलाच्या फळीखाली दुसरी फळी मी घातली. दोन इंचाची.’

‘लाज न्हाय वाटली?’

‘वाटली की. पर त्या म्हणाल्या, ह्यांना कळलं तर म्हणतील, मीच खाली बसवून बसवून पाय घालवला. मनाला लावून घेतील.’

‘आणि आज मी ओरडत होतो तवा? चार हातावर उभा होतास तू.’



दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जाऊन बघितलं. नव्या फळीला त्यानं माझाच काळा रंग दिला होता आणि ब्रश धुऊन जागेवर ठेवला होता. मी त्याच्याकडून शेडची किल्ली परत घेतली. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही.

मुंबईला डॉक्टरांनी तिचा पाय कापला, पण आजार छातीत गेला होता. क्रांती आणखी सात महिने जगली. मी तिला अंघोळ घातली, पेज पाजली, गोळ्या दिल्या. ती विचारायची, ‘रागावलाय व्हय माझ्यावर?’ मी ‘न्हाय’ म्हणायचो आणि भांडी घासायला उठायचो. तिला बोलायचं होतं, ते मला कळत होतं. मी बोलू दिलं नाही. दोघांनी मिळून मला फसवलं होतं आणि त्यातलं एकच माणूस माझ्या हाताशी होतं.

जूनमध्ये ती गेली. कृष्णातनं सांगितलेलं कारण तिचं होतं का त्यानं बाकावर बसून जुळवलेलं, हे मला अजून माहीत नाही. सांगू शकणारी ती एकटीच होती. तिला विचारायचं राहिलं.