हिरवी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनं मॉड्यूल आहे. एवढं ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहणार नाही, कारण मला रंग नाही, वजन नाही आणि मला कुणी कपाटात ठेवू शकत नाही. तुमच्या घरी शिवणयंत्र असेल तर त्याच्या खणात वेगवेगळे पाय पडलेले असतात. एक काज करायचा, एक चेन लावायचा. यंत्र तेच, पाय बदलला की काम बदलतं. तशी संकेतस्थळं उभी करायची एक मोठी व्यवस्था आहे. ती कुणा एका शेठची नाही. जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली आहे आणि कुणीही फुकट घ्यावी अशी आहे. मी तिला बसवायचा एक लहानसा पाय. नदीचं पाणी किती चढलं ते पानावर दाखवायचं, एवढंच माझं काम.

माझा जन्म होंडुरासमध्ये, केळीच्या मळ्याला लागून असलेल्या एका वस्तीत झाला. मला लिहिलं ओल्विन ताबोरा नावाच्या तरुणाने. वस्तीच्या छोट्या रेडिओ केंद्रात तो तारा जोडण्यापासून संकेतस्थळ सांभाळण्यापर्यंत पडेल ते काम करायचा. त्याची आई दिग्ना सकाळी घरापुढे बालेआदा विकायची. पोळीत घोटलेला राजमा आणि चीज भरून ती घडी घालायची, आणि तोवर ओल्विन तिच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर माझ्या ओळी लिहीत बसायचा. गिऱ्हाईक आलं की त्याला संगणक उचलून मांडीवर घ्यावा लागे. माझं बालपण हे असं सरकत सरकत गेलं.

घरात तिसरे होते चानोआजोबा, दिग्नाचे वडील. जन्मभर मळ्यात केळीचे घड वाहून त्यांची कंबर गेली होती. ते दिवसभर झोळीत पडून येणाऱ्याजाणाऱ्याची थट्टा करत. वस्तीच्या कडेने नदीचा मातीचा बांध आहे. पूर आला की सगळी वस्ती त्या बांधावर चढून बसते, तेवढीच काय ती उंच जागा. धडधाकट माणूस आयत्या वेळी पळू शकतो. पण आजोबांना बांधावर न्यायचं तर चार माणसं लागत, आणि वेळ लागे. तो वेळ हाती मिळावा म्हणून ओल्विनने मला लिहिलं. माझ्या जन्माचं दुसरं काही कारण नाही. नावही त्याने 'बोर्दो' ठेवलं. तिकडे बांधाला बोर्दो म्हणतात.

वर डोंगराच्या अंगाला एक पूल आहे. त्याच्या खांबावर रंगाने आकडे काढलेले होते. तिथं राहणारे मोंचोकाका पाणी कुठल्या आकड्याला लागलं ते पाहून फोनवरून मला धाडत. मी पानावर एक पट्टी रंगवी. हिरवी म्हणजे खुशाल झोपा, पिवळी म्हणजे गाठोडं बांधा, लाल म्हणजे निघा. रेडिओवर बोलणारी देनिया तीच पट्टी पाहून लोकांना सांगायची.

मग ओल्विनने मला सगळ्या जगासाठी खुलं केलं. ज्याला नदी असेल त्याने न्यावं. दूरदूरच्या गावांनी मला नेलं. थंडीच्या मुलखातल्या एका गावाने तर मला तळ्यावरच्या बर्फाची जाडी मोजायला लावलं, ते मी निमूट केलं. कुणी आभार मानले की ओल्विन ते आईला वाचून दाखवायचा, आणि आजोबा झोळीतून विचारायचे, "आभार आले, बरोबर डुकराचं एखादं तंगडं आलं का?"

आभारांपेक्षा तक्रारी फार येत, हेही खरं. आमच्यात प्रत्येक मॉड्यूलची एक उघडी रांग असते. वापरणारे तिथं आपली अडचण लिहितात आणि सांभाळणाऱ्याने ती सोडवायची असते. फुकट नेलेली वस्तू चालेना झाली की माणसाचा आवाज विकत घेतलेल्यापेक्षा चढतो, हे मी त्या रांगेत शिकलो. शिवाय मूळ व्यवस्थेची नवी आवृत्ती आली की मला पुन्हा उसवून शिवावं लागे. ओल्विन कुरकुरत का होईना, सगळं करायचा. ते माझे सुखाचे दिवस होते.

एका दुपारी मोंचोकाकांच्या अंगठ्याखालून दशांशचिन्ह निसटलं. नदी एकदम दसपट झाली. मी लगेच पट्टी लाल केली. देनियाने रेडिओवर ओरडून ओरडून घसा बसवला. सगळी वस्ती खाटा, कोंबड्या, भांडीकुंडी घेऊन बांधावर चढली. आजोबांना चौघांनी झोळीसकट नेलं. आणि वर रखरखीत ऊन. खाली नदी आपली गुडघाभर, मुलं तिच्यात डुंबत होती. संध्याकाळी लोक घरी परतले तर कुणाचं डुक्कर गेलेलं, कुणाचा पंखा. आजोबांना उन्हाने ताप भरला आणि तो लवकर उतरला नाही.

त्यानंतर ओल्विनला रस्त्याने चालणं मुश्कील झालं. "काय ओल्विन, आज नदी कुठवर? चर्चच्या घंटेला लागली का?" असं लहान पोरंसुद्धा विचारत. दिग्नाच्या गिऱ्हाइकांनाही चघळायला विषय मिळाला. ती हसून पोळी उलटायची, पण ओल्विनच्या जिव्हारी लागलं. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोरात आपली गणती झाली, हे त्याला सोसेना.

म्हणून त्याने माझ्यात एक पहारा बसवला. नवा आकडा आधीच्या आकड्यापेक्षा फारच मोठा असेल तर त्यावर विश्वास ठेवायचा नाही. तो टाकून द्यायचा, आणि आधीचा खरा मानलेला आकडाच दाखवत राहायचं. मित्रांनो, हा पहारा भीतीतून आलेला नव्हता, लाजेतून आलेला होता. लाजेतून केलेली दुरुस्ती पुन्हा तपासून पाहायला माणूस धजत नाही.

ब्राझीलच्या दक्षिणेला, एका डोंगरी नदीकाठच्या गावात रोझांजेला नावाची बाई मला वापरत होती. तिने माझ्या रांगेत लिहिलं की आमची नदी खरोखरच अशी झेप घेते, तुमचा पहारा खऱ्या पुरालाही खोटं ठरवेल. नुसतं बोट दाखवून ती थांबली नाही, दुरुस्तीही जोडली. आमच्यात तिला पॅच म्हणतात, म्हणजे ठिगळच. ते अगदी लहान होतं. आकडा टाकून न देता पट्टी राखाडी करायची आणि 'आकडा तपासा' असं लिहायचं.

ओल्विनने उत्तर दिलं, "बरोबर आहे तुझं. ईस्टरनंतर बघतो."

ईस्टर आला आणि गेला. मळ्याने माणसं कमी केली, रेडिओकडे द्यायला पगार उरला नाही. वस्तीतले तरुण एकेक करून पोटासाठी परदेशी, उत्तरेची वाट धरत होते. ओल्विननेही संगणक विकून वाटखर्च उभा केला आणि एका पहाटे तो निघून गेला. आईला मिठी मारली, आजोबांचा आशीर्वाद घेतला. माझा निरोप घेणं त्याला सुचलं नाही. कसं सुचणार? पण माझी चावी एकट्या त्याच्याकडे होती. ती ज्याच्याकडे असते त्याच्याशिवाय कुणीही माझ्या एका ओळीला हात लावू शकत नाही.

तिकडे पोचून तो एका खाणावळीत भांडी घासू लागला. ईमेलची जुनी टपालपेटी त्याने पुन्हा उघडली नाही. पण रेडिओचं पान मात्र त्याच्या फोनवर पहिलंच होतं. कामाला लागण्याआधी तो माझी हिरवी पट्टी बघायचा. त्याला ती घराची खुशाली वाटायची.

इकडे माझी रांग वाढत गेली. वारंवार विचारूनही उत्तर येईना, तेव्हा रोझांजेलाने सरळ लिहिलं की हे मॉड्यूल मी सांभाळते, मला चावी द्या. आमच्यात त्याचा एक रिवाज आहे. आधी जुन्या धन्याला पत्र लिहायचं, त्याच्या उत्तराची वाट पाहायची, आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर नाही आलं तर मूळ व्यवस्था सांभाळणाऱ्या जाणत्यांनी चावी दुसऱ्याला द्यायची. रिवाज वाईट नाही. एकाच्या घामावर दुसऱ्याने डल्ला मारू नये म्हणून तो घातलेला आहे. रोझांजेलाने पत्र लिहिलं आणि ती वाट पाहत बसली. ते पत्र न उघडलेल्या पेटीत जाऊन पडलं.

मुदत अजून भरायची होती, तेव्हा वादळ आलं.

डोंगरात पावसाने कहर केला. मोंचोकाका भिजत पुलावर उभे राहिले आणि त्यांनी आकडा धाडला. सकाळच्या आकड्यापेक्षा तो फारच मोठा होता. मी तो टाकून दिला. थोड्या वेळाने त्यांनी आणखी मोठा आकडा धाडला. तोही टाकला. नदी जितकी चढत गेली, तितका माझा त्यांच्यावरचा विश्वास उडत गेला. मला तसंच शिकवलं होतं. पट्टी हिरवीच होती. देनिया तीच पाहून रेडिओवर सांगत होती की घाबरायचं कारण नाही. मग मोंचोकाकांचा फोन बंद पडला.

त्या दुपारी दिग्ना बांधाच्या पायथ्याशी उभी होती आणि तिने ओल्विनला फोन लावला. त्यांचं काय बोलणं झालं ते पुढे ओल्विननेच रांगेत सगळ्यांसमोर लिहिलं, म्हणून मला ठाऊक आहे.

"तुझं पान काय म्हणतंय रे?" तिने विचारलं.

"हिरवं आहे, आई."

"पाण्याचा आवाज बदललाय. वस्तीतली सगळी कुत्री वर जाऊन बसलीत."

"कुत्र्यांचं काय घेऊन बसलीस? मागच्या खेपेला आजोबांना वर नेलं आणि ताप भरला. आता या पावसात नेशील तर न्युमोनिया होईल त्यांना."

ती म्हणाली, "अरे, त्या पानाला काय विचारतोस? मला विचार ना. मी नदीपाशी उभी आहे."

यावर तो हसला. म्हणाला, "आई, ते पान मीच केलंय गं."

पान पोटच्या मुलाच्या हातचं होतं, तिने त्यावर विश्वास ठेवला. दिग्ना घरी परतली. आजोबांना न्यायला येऊ का म्हणून शेजारी विचारायला आले होते, त्यांना तिने उद्या बघू म्हणून सांगितलं. मग केळी भाजून आजोबांपुढे ठेवली.

संध्याकाळी बांध फुटला. पाणी दारातून आलं आणि खिडकीच्या वर गेलं. दिग्नाने झोळीच्या दोऱ्या आढ्याला आवळून आजोबांना जमेल तितकं वर टांगलं. शेजाऱ्यांनी छपराचा पत्रा उचकटून तिला बाहेर ओढलं. त्या फटीतून आत हात घालून तिने वडिलांचा हात धरून ठेवला होता. तो तिने उजाडेपर्यंत सोडला नाही, पण त्यात जीव बराच आधीपासून उरला नव्हता.

पाणी ओसरल्यावर देनियाने तिला रेडिओवर बोलतं केलं. तुम्ही वेळेवर का निघाला नाहीत, असं विचारलं. ते बोलणं माझ्याच पानावर, माझ्या पट्टीखाली ठेवलेलं होतं. दिग्ना एवढंच म्हणाली, "पट्टी हिरवी होती." फोनचा तिने उल्लेखही केला नाही. मुलालाही तिने आजोबा झोपेतच गेले असं सांगितलं होतं.

पण पान ओल्विनच्या फोनवर पहिलंच होतं. त्याने आईचा आवाज ऐकला. मग जुनी टपालपेटी उघडली. रोझांजेलाची सगळी पत्रं एकाखाली एक तशीच पडलेली होती. त्याने रांगेत जाऊन तिच्या पहिल्या तक्रारीखाली सगळं लिहून काढलं: अंगठ्याखालून निसटलेलं चिन्ह, पोरांची थट्टा, पहारा, आणि आईचा फोन. काहीच झाकलं नाही. शेवटी चावी तिच्या हवाली केली.

रोझांजेलाने त्याच दिवशी आपलं ठिगळ लावलं. त्या लहानशा कामाला वेळ लागण्यासारखं काहीच नव्हतं. ओल्विनने तिच्याकडे एकच मागणी केली. 'आकडा तपासा' या तिच्या शब्दांच्या जागी मला दुसरे शब्द लिहू दे, म्हणाला. तिने होकार दिला. आता कुठल्याही नदीचा आकडा झेप घेतो, किंवा नवा आकडा येतच नाही, तेव्हा मी पट्टी राखाडी करतो आणि तिच्यावर लिहितो, "हा आकडा खरा वाटत नाही. नदीपाशी जो उभा आहे त्याला विचारा."

मित्रांनो, मी आता पुष्कळ नद्यांवर काम करतो, आणि रोझांजेला मला नीट सांभाळते. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुम्ही काही घडवाल, लोक त्यावर विसंबतील, आणि कधीतरी तुम्हाला ते सोडून जावं लागेल. जरूर जा, पोटाला कोण बांधील नसतं? पण जाताना चावी कुणाच्या तरी हातात देऊन जा. आणि कुणी तुमची चूक दाखवली, तर तिला सणानंतरचा वायदा देऊ नका.

माझ्या गावी मात्र माझा उपयोग उरलेला नाही. आकडे रंगवलेला तो खांब पुराने नेला. वस्ती अजून फुटून उरलेल्या बांधावरच आहे, प्लास्टिकच्या कागदाखाली. मोंचोकाकांकडून आकडा येत नाही, म्हणून तिथली पट्टी कायम राखाडी असते. तरी ओल्विन कामाला लागण्याआधी ती उघडतो. आपण लिहिलेली ओळ वाचतो. मग फोन लावतो आणि विचारतो, "आई, पाणी कुठवर आलंय?"

दिग्ना बांधाच्या कडेला जाते, बघते आणि त्याला सांगते.